ओव्हनची काच

काच नीट पुसली आहे हे तुम्ही कशावरून ओळखता? मावशी म्हणायची, "काच दिसली म्हंजे पुसली नाही."

महाराष्ट्र नवा होता आणि मीही नवी होते. देऊळघाटच्या महिला मंडळात दुपारी बायकांना वाचायला शिकवायचे. पिशवीत मीच लिहिलेली पत्रकं असत. त्याच खोलीत एक दिवस पत्र्याचा ओव्हन आला, स्टोव्हवर ठेवायची पेटी, दाराला वीतभर काच. ती पुसायचं काम मंडळात झाडलोट करणाऱ्या मावशीकडे होतं.

झालं! नानकटाई फुगताना बघायला सगळ्या बायका काचेपुढे. माझ्या फळ्याकडे पाठ. आणि कौतुक कुणाचं, तर मावशीचं. "मावशे, आरशावानी केली व तू!" माझ्या अक्षरांना असं कुणी म्हणालं नव्हतं. मी जळायचे. खोटं कशाला सांगू?

मावशी गोवरीची राख चाळून काचेला लावायची, लिंबाच्या सालीनं घासायची आणि शेवटचा हात कागदाचा. तो कागद माझं पत्रक होतं!

"मावशी, आधी वाचलंत तरी का ते?"

"वाचता येत असतं तं पुसलं असतं काऊन?"

बायका हसल्या. मी हसले नाही. पण राखेनं माखलेल्या काचेवर ती बोटानं माझ्या फळ्यावरची अक्षरं गिरवायची आणि मग पुसायची, हे मी पाहिलं होतं. 'म'पर्यंत आली होती.

काचेला हात लावण्याआधी ती मनगट जवळ नेऊन बघे. "थंडी होऊ द्या तिले. घाई केली का तडकते."

एकदा ती पाणी आणायला गेली. बायका ओसरीवर नानकटाई खात होत्या. मला वाटलं, आज मी पुसते, बघू माझं कौतुक होतं का. ओलं फडकं लावलं आणि कट् झालं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

अध्यक्षीणबाई आत आल्या. "कोनं फोडली?"

मावशी बादली घेऊन दारात उभी होती. तिनं माझ्या हातातलं फडकं पाहिलं.

"माह्याच हातून झालं, बाई."

माझ्या प्रत्येक पत्रकात लिहिलेलं असे, अन्याय दिसला तर बोला. मी बोलले नाही. तिचं काम गेलं तर काचेपुढची गर्दी माझ्याकडे येईल, असंही क्षणभर वाटून गेलं.

जाताना तिला गाठलं. "मावशी, असं का केलंत?"

"तुम्हाले काढलं तं आमाले शिकवन कोन?"

मंडळात तिला पुन्हा कुणी बोलावलं नाही. तिच्या घरी गेले, तर दाराला कुलूप. लेकीकडे पिंपळगाव राजाला गेली, एवढंच कळलं. 'म'च्या पुढची अक्षरं राहिली.

म्हणून हे पत्रक. देऊळघाटला किंवा पिंपळगावला जाणार असाल तर चार बायकांत मोठ्यानं वाचा: काच मावशीनं नाही, मी फोडली. वाचून झाल्यावर खुशाल काच पुसायला घ्या. पण आधी वाचा.