पन्नासाचे पंचावन्न

मोरिवलीच्या जयदेवने उभा जन्म वजनकाटे दुरुस्त केले. किराणावाला असो की भंगारवाला, "जरा झुकता ठेव" म्हणणाऱ्याला तो दारातूनच वाटेला लावायचा. आणि असा माणूस घरच्याच काट्याशी लबाडी करून बसला! भीतीपुढे कसलं आलंय इमान?

तीन महिन्यांत त्याचं वजन पंचावन्नाचं पन्नासावर आलं होतं. त्याचा बाप असाच झिजत गेला. ते आठवलं की जयदेवला तपासणीला जायचा धीर होत नव्हता. बायको बकुळा तर दर रविवारी बापलेकीला काट्यावर उभं करायची. म्हणून त्याने पन्नास किलोची वजनं ठेवून काट्याला पंचावन्न दाखवायला शिकवलं. त्याच काट्यावर पोरगीही चढते, हे मात्र शहाण्याच्या डोक्यात आलं नाही.

नेत्रा बदलापूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकायची. वाढलेला आकडा पाहून तिने संध्याकाळचं जेवणच सोडलं. जयदेव रोज बघत होता आणि गप्प बसत होता. एक सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार होतं.

दहाव्या दिवशी ती मोठ्याने अभ्यास करत होती. मूळ कणांना आपलं असं वस्तुमान नसतं. हिग्ज नावाचं क्षेत्र सगळीकडे भरलेलं असतं, त्याच्याशी ज्यांचा संबंध येतो ते कण जड होतात.

"ते क्षेत्र विझलं तर?" जयदेवने विचारलं.

"तसं विझत नाही रे, बाबा. आणि तुझ्या वजनात त्याचा वाटा जेमतेम अर्धा किलो. बाकीचं येतं ते आतल्या कणांच्या धडपडीतून. एकमेकांना घट्ट धरून असतात ना ते."

एवढं बोलून ती पाण्याला उठली आणि भिंतीला टेकली. तिला अंधारी आली होती.

जयदेवने काटा ओढला, वर पन्नासाची वजनं रचली. आकडा आला पंचावन्न.

"तुझं वजन वाढलं नाही, बाय. खोट माझ्या हातची."

मग त्याने काटा खरा केला आणि स्वतः वर चढला. पन्नासही भरले नाहीत. बकुळा दारात उभी होती.

"मला लय भीती वाटते गं," तो म्हणाला.

नेत्राने त्याचा हात धरला. "उद्या दवाखान्यात जाऊ. आई, भाकरी वाढ. दोघांना."

काट्यावर असताना कुणाला धरायचं नाही, आकडा चुकतो, असं तो गिऱ्हाइकांना बजावायचा. आकडा हलत होता. त्याने हात सोडला नाही.