ढाणकीच्या लग्नातला सूर

अलीकडे कार्यक्रम संपला की कुणी ना कुणी जवळ येऊन विचारतं, "मॅडम, हवाईयन गिटार शिकलात कुठं?" मी सांगते, राळेगावला, मोटार वाइंडिंगच्या दुकानात. लोक हसतात. मग पुढचा प्रश्न येतो, सुरुवातीचे दिवस कसे होते? त्यावर मी काहीतरी गोड बोलून सुटका करून घेते. खरं सांगायचं तर ते दिवस भीतीचे होते.

मी तेव्हा विशीत होते. उन्हाळा लागताच आमच्या कूलरची मोटार जळाली. आई गावच्या अंगणवाडीत सेविका, तिला वेळ नव्हता, म्हणून मोटार पिशवीत घालून मीच एसटीनं राळेगावला गेले. दुकानदार साठीच्या घरातले, पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. गिऱ्हाईक नसल्यानं ते मांडीवर गिटार आडवी ठेवून वाजवत बसले होते. डाव्या हातात अंगठ्याएवढा जाड, गुळगुळीत पोलादी बार होता. तो तारांवरून सरकला की सूर एका जागेवरून दुसऱ्या जागेवर असा जायचा, की मधे कुठं पायरीच लागत नव्हती. तरुणपणी ते गावोगावच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचे, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त विचारलं, "चाचा, हे मले शिकवसान का?"

त्यांनी माझा हात पाहिला. "घाम येते का हाताले?"

"येते."

"मंग करंटपासून संभाळून राहा लागन बेटा," ते म्हणाले, आणि मोटार ठेवून घेतली.

शिकवणं दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झालं. या गिटारीला बोट टेकवायला पट्ट्या नसतात, नुसत्या रेघा असतात. रेघेच्या केसभर अलीकडे-पलीकडे बार टेकला की सूर फाटतो. पहिलं वर्षभर मला त्याचीच धास्ती असायची. बसमध्ये बसल्या बसल्या मी मांडीवर बोटं सरकवायची आणि मनातल्या मनात चुकायची. चाचा सुरांच्या चुकांवर रागवायचे नाहीत. ते रागवायचे ते एकाच गोष्टीवर. प्रत्येक वेळी वाजवायला बसायच्या आधी ॲम्प्लिफायरची पिन पाहायची, तीन पायांची आहे ना, करंट जमिनीत उतरवणारा अर्थिंगचा जाडा पाय शाबूत आहे ना. मग टेस्टर तारांना लावायचा. टेस्टरमधला दिवा लागला तर गिटारीला हात लावायचा नाही.

"सितार सरोदवाल्याले हे टेन्शन नाही," ते म्हणायचे. "तुह्या एका हातात लोखंड, दुसऱ्या हाताच्या बोटांत पत्र्याच्या नख्या, आन् खाली साऱ्या तारा. घरच्या वायरिंगची चूक थेट तुह्या छातीत येईन."

तिसऱ्या वर्षी उमरखेडकडच्या एका ऑर्केस्ट्रात मला जागा मिळाली. त्यांचा जुना वाजवणारा पुण्याला गेला होता. ऑर्केस्ट्राचा मालक स्वतः कीबोर्ड वाजवायचा. बोलायला मोठा, घाईचा माणूस. गाणारी बाई चाळिशीची होती, वीस वर्षं याच धंद्यात. तिनं पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पाहणारे पाहतीन. तू तारांकडं पाहात जाय." आई आधी नको म्हणत होती, पण बाईशी फोनवर बोलल्यावर तिनं जाऊ दिलं.

माझा पाचवा का सहावा कार्यक्रम ढाणकीला होता. मे महिन्यातलं दुपारचं लग्न. मंगल कार्यालयात तीन मोठे कूलर लावलेले, त्यांचं पाणी स्टेजच्या सतरंजीखाली झिरपलेलं. मी नेहमीसारखी चप्पल काढून बसले आणि पायाला ओल लागली. ॲम्प्लिफायरची पिन पाहिली. जाडा पाय तोडलेला होता. दोन भोकांच्या बोर्डात बसावी म्हणून कुणीतरी पक्कडीनं उडवला असणार. पर्समधून टेस्टर काढून तारेला लावला.

दिवा लागला. मंद होता, पण लागला.

मी मालकाकडं पाहिलं. "सर, तारेत करंट येऊन राह्यला."

"कायले घाबरवून राह्यली? इतके वर्षं झाले, याच ॲम्प्लिफायरच्या पेटीवर चालू हाय सगळं." त्यानं घड्याळ पाहिलं. "पाव्हणे बसले हायेत. जमत नसन तं सांग, मी दुसरा पाहतो."

हे सगळं मला अजून शब्दांसकट आठवतं, कारण पुढचं मी केलं. कुणी मला ढकललं नाही. मी मनात म्हटलं, दिवा मंद आहे, थोडासाच असेल. भित्री पोरगी म्हणून परत पाठवतील, ही भीती मला त्या लाल उजेडापेक्षा मोठी वाटली. टेस्टर पर्समध्ये टाकला, नख्या चढवल्या, आणि ओल्या सतरंजीवर पाय टेकवून बसले.

पहिल्या दोन ओळी नीट गेल्या. हाताला मुंग्या येत होत्या, त्या मी घाबरल्याच्या समजले. मग मला घाम आला. वरच्या सुराला बार दाबला आणि हात बंद झाला.

दुखलं असं म्हणता येत नाही. कुणीतरी आतून खांद्यापर्यंत पकडलं होतं आणि हलवत होतं. मी बार सोडायचं ठरवत होते आणि बोटं आणखी आवळत होती. तोंडातून आवाज निघेना. स्पीकरमधून मात्र निघत होता, माझ्याच थरथरत्या हाताचा, लांब, घोगरा, एकाच जागेवर अडकलेला सूर. समोर पहिल्या रांगेत फेटा बांधलेला एक माणूस बसला होता. त्याला वाटलं मी सूर धरून ठेवलाय. त्यानं मान डोलावली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. टाळ्या सुरू झाल्या. मी त्या माणसाच्या डोळ्यांत पाहात होते, त्याला कळावं म्हणून, आणि तो हसत होता.

कळलं ते बाईला. ढोलकीवाला माझ्याकडं धावला, तशी ती माईकवरच ओरडली, "हात नोको लावू तिले!" आणि गिटारीची वायर दोन्ही हातांनी धरून तिनं जोरात ओढली. गिटारीत खोचलेली वायरची गुल्ली निघाली, मी कुशीवर पडले. बार घरंगळत स्टेजखाली गेला.

उमरखेडला दवाखान्यात नेलं. छातीची ईसीजीची पट्टी काढली, संध्याकाळपर्यंत निजवून ठेवलं, जीवावरचं तळहातावर निभावलं, असं डॉक्टर म्हणाले. तळहातावर बारच्या आकाराचा एक पांढरट डाग होता. आई आली तेव्हा मी झोपल्याचं सोंग केलं. ती माझा हात उलटापालटा करून पाहात राहिली.

चाचा दुसऱ्या दिवशी घरी आले. दारातच विचारलं, "टेस्टर लावला होता का?"

मी म्हटलं, "विसरली चाचा."

ते ओट्यावर बसले. "मंग माहीच गलती हाय. मी तुह्या अंगात भिनवलं नाही." आईनं दिलेलं पाणी त्यांनी तसंच ठेवलं.

त्यानंतर माझ्याच्यानं गिटारीला हात लावणं होईना. गिटारच कशाला, मिक्सरचं बटण आई दाबायची. नळाची तोटी धरताना मी आधी उलट्या हातानं चाचपायची. कुठं कूलरची घरघर ऐकली की मी दारातूनच मागं फिरायची, आणि आमच्याकडं उन्हाळ्यात कूलर नाही असं घर कुठं आहे! पण त्याहून वाईट म्हणजे चाचांचं वागणं. ते दर आठवड्याला बोलवायचे, करंट नसलेली साधी लाकडी गिटार मांडीवर द्यायचे आणि स्वतःला दोष देत राहायचे. आपण म्हातारे झालो, आता कुणाला शिकवू नये, असं एकदा म्हणाले. खोटं जितकं जुनं होत गेलं तितकी मी खरं सांगायला भ्याले.

दिवाळीनंतर एके सकाळी त्यांच्या दुकानात, ते तांब्याची तार गुंडाळत असताना, मी सांगून टाकलं. "मी विसरली नव्हती. दिवा लागला होता. मी पाह्यला, आन् तरी बसली."

त्यांचे हात थांबले. "काहून?"

"ते दुसरा पाहतो म्हणाले."

"विसरली असती तं माफ होतं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता, म्हणून मी जास्त घाबरले. "जीव स्वस्त हाय का तुहा? जा घरी."

मी गेले. महिनाभर त्यांचा फोन नाही, मी केला तर उचलेनात. आता शिकणं संपलं, असं मी धरून चालले होते. मग एक दिवस तेच बसनं आमच्या गावी आले आणि आईला म्हणाले, "इले पाठवत जा. आता तिनं खरं सांगतलं, आता शिकवता येते."

एप्रिलमध्ये केळापूरला बाबासाहेबांच्या जयंतीला, सकाळच्या वंदनेनंतर, विहाराच्या अंगणात वाजवायचं ठरलं. आमचे नातेवाईक तिथं आहेत, त्यांनीच बोलावलं. मी होकार दिला आणि आठ दिवस धड जेवले नाही. चाचा माझ्या आधी पोचले होते. अंगणाच्या कोपऱ्यात त्यांनी लोखंडी सळई घणानं हातभर जमिनीत ठोकली, भोवती मीठ टाकलं, बादलीभर पाणी ओतलं आणि तिथून जाडी वायर थेट ॲम्प्लिफायरला आणली. जयंतीची पांढरी साडी नेसलेल्या बाया उभ्या राहून पाहात होत्या. एकीनं विचारलं, "चाचा, हे काय पेरून राह्यले?"

"इची हिंमत," ते म्हणाले.

कोरड्या लाकडी पाटावर पाय ठेवून मी बसले. तारांवरची तपासणी मीच केली, दोनदा. तरीही बार टेकवताना डोळे मिटले गेले, आणि पहिलं गाणं अख्खं बेसूर झालं. लोकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्यात हात थोडा सैल झाला. तिसऱ्या गाण्याला बाया माझ्याबरोबर गायला लागल्या, तेव्हा सूर रेघेवर आला. त्याचं कुणीतरी मोबाइलवर चित्रण केलं. त्यातून पुढं नागपूरची बोलावणी आली, रेकॉर्डिंग आलं, आणि ओळख झाली म्हणतात ती झाली.

ऑर्केस्ट्राच्या मालकाचा फोन कधीच आला नाही. ती पेटी त्यानं दुसऱ्याच दिवशी भंगारात घातली, असं बाईकडून कळलं. बाई अजून गाते. मी मोठ्या हॉलमध्येही तपासल्याशिवाय बसत नाही. एकदा अर्थिंग नव्हतं म्हणून हजार माणसं ताटकळली, आयोजक ओरडले, तरी मी उभीच राहिले. वाजवताना आजही वरच्या सुराला पोहोचले की क्षणभर वाटतं, हात उघडणार नाही. मग तो उघडतो, आणि मी पुढच्या सुराकडं जाते.