पाणी जिरेपर्यंत

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलं नाही, आणि लिहून सांगावं इतका दूर मीही गेलेलो नाही. नेरहून ढाणकीला गेलो, चार दिवस राहिलो, परत आलो. जिल्ह्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला, एवढंच. चुकलं तर सांभाळून घ्यावं.

बोंडअळीनं कापूस नेला ते साल. गावात लोक उभ्या पऱ्हाटीत (कापसाच्या पिकात) ढोरं सोडत होते. मी परीक्षा देऊन घरी आलो होतो. आधीचे दोन विषय राहिले होते. या वेळीही राहिले तर कॉलेज सुटणार होतं. बाबा काही विचारत नसत, पण जेवताना माझ्याकडे पाहत. माझी झोप गेली होती. हात रिकामे असले की थरथरत.

होस्टेलमधला माझा मित्र अनीस फोनवर म्हणाला, "चार दिवस आमच्या इकडे ये बे. बडे अब्बाची बाग आहे, तिथं बस नुसता." बडे अब्बा म्हणजे त्याचे थोरले काका.

दारव्हा, पुसद, उमरखेड असं गाड्या बदलत निघालो. पुसदला गडबडीत भलत्याच बसमध्ये चढलो. तिकीट मागताना कंडक्टर म्हणाला, "ही माहूरची गाडी आहे. देवीले जाचं असन त बस, नाही त उतर." उतरलो. पुढे डोंगर, सागाची वाळकी पानं, आणि मधूनमधून उपटून टाकलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. ढाणकीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं.

अनीसच्या घरचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानाच्या मागच्या भिंतीपलीकडे ती बाग: मेथी, वांगी, दोन गुलाब, एक मोगरा. बडे अब्बांनी काम सोडून बरीच वर्षं झाली, पण नखांच्या कडेला ऑइलचा काळेपणा अजून होता. "बस," एवढंच ते म्हणाले. घरातून गरम भाकर आणि अंबाडीची भाजी आली. खाल्ली, पण एका जागी बसवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी बडे अब्बा नमाजला गेले, अनीस दुकानात होता. मी मेथीचा वाफा निंदायला घेतला. आमच्याकडे लहानपणापासून एकच शिकवतात: पऱ्हाटी सोडून जे हिरवं दिसेल ते उपटायचं. मेथीच्या पलीकडे विटा लावलेला एक छोटा वाफा होता आणि त्यात रानतुळस उगवलेली. आमच्या शेतात ती कुठेही उगवते. सगळी उपटली, भिंतीशी ढीग घातला. हाताला तुळशीसारखा वास येत होता. बरं वाटलं.

बडे अब्बा आले आणि ढिगापाशी थांबले. एक रोप उचलून त्यांनी नाकाशी धरलं.

"रानतुळस होती, बडे अब्बा. तण."

"सब्जा आहे, बेटा."

चहा घेऊन आलेला अनीस हळूच म्हणाला, "आमच्यात कबरीवर लावतात. बडी अम्मीची बरसी अठरा दिवसांवर आहे." बडी अम्मी म्हणजे बडे अब्बांची वारलेली बायको. बी तिनंच धरून ठेवलेलं होतं, सुपारीच्या डबीत. तेवढंच होतं, ते सगळं पेरलं होतं.

"मला माफ करा," मी म्हणालो.

"माफी मंग माग. पाणी आण अगोदर."

ढिगातून मुळं ओली असलेली रोपं आम्ही निवडली. नऊ निघाली. त्यांनी बोटानं खड्डे केले, मी रोपं धरली, त्यांनी लोट्यानं पाणी घातलं. मी लगेच दुसऱ्या लोट्यासाठी उठलो.

"कायले पळून राह्यला? लावलं की पाणी जिरेपर्यंत बसाचं."

बसलो. भिंतीपलीकडे हातोडा चालला होता. रोपांच्या बुडाशी पाणी तसंच उभं होतं, मग कडेची माती दिसायला लागली. किती वेळ गेला कळलं नाही. निकालाची आठवण झाली ती उठताना.

"याले आता कापसात पाठवू नका," अनीस म्हणाला. "पऱ्हाटीच उपटन हा."

"उपटाले अळीनं काही ठेवलं का?" बडे अब्बा म्हणाले. हसलं कुणीच नाही.

उरलेले दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी, आणि उन्हाला आडोसा म्हणून पळसाची पानं. चौथ्या दिवशी निघालो तेव्हा रोपांनी माना टाकलेल्याच होत्या. मला मान वर करवेना. बडे अब्बा म्हणाले, "लागला तर कळवतो."

घरी आल्यावर मोरीच्या पाण्यावर मी मेथीचा एक वाफा केला. पाणी घालतो आणि बसतो. पहिल्या दिवशी आईनं विचारलं, "काय पाहून राह्यला रे त्या चिखलात?"

"पाणी जिरून राह्यलं."

थोड्या वेळानं तीही पायरीवर टेकली. झोप पूर्ण आली असं म्हणणार नाही, पण तेवढा वेळ हात शांत असतात. ढाणकीहून मी एवढंच आणलं, आणि तेही एकाचं मोठं नुकसान करून. निकाल अजून आलेला नाही.

घरी आल्याच्या बाराव्या दिवशी, वाफ्यापाशी बसलो असतानाच, अनीसचा फोन आला.

"लागला बे."

"किती विषय राहिले?"

"निकाल नाही बे. सब्जा लागला. नऊपैकी चार. बडे अब्बा म्हणून राह्यले, त्याले सांग, एका कबरीले चार पुरतात."