पेढ्यांचा डबा आणि बाईंचा नियम

डॉक्टर मालतीबाईंची आणि माझी पहिली भेट झाली ती दादरा-नगर हवेलीतल्या सिल्वासात, आमली भागातल्या त्यांच्या प्रसूतिगृहात. ऐंशीच्या दशकाचे सुरुवातीचे दिवस. मी अमळनेरहून नर्सिंग शिकून नोकरी मागायला आले होते. बाईंनी माझं नाव विचारलं आणि लगेच म्हणाल्या, "बरं कुसुम, परदेशात कधी जाणार?" मी चाटच पडले. महाराष्ट्राबाहेर पाऊल टाकायची माझी ती पहिलीच वेळ होती. "कुठे जाणार नाही, बाई," मी म्हणाले. "सगळ्या असंच म्हणतात. उद्यापासून ये," बाई हसून म्हणाल्या.

आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत आणि गौरवग्रंथात लिहायचा मान मला मिळाला आहे. मी इतकी हरखून गेले आहे की लेख इकडचा तिकडे झाला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं.

बाई मूळच्या रत्नागिरीकडच्या. तेव्हा जवळच्या मसाट गावात कारखाने उभे राहत होते. धुळ्या-जळगावकडचे कामगार बायकांना घेऊन येत होते, आणि त्या पोरींचं माहेर, सासर दोन्ही लांब. बाळंतपणाला आधार काय तो बाईंचा. बाई नर्सना हाताला धरून शिकवायच्या, आणि हात बसला रे बसला की पोरगी निघाली मस्कतला नाहीतर कुवेतला. माझा तर संताप व्हायचा. मी म्हणायचे, "आपण शिकवायचं कशाला? यांना विमानात बसवायला?"  जाणारीला बाईंनी कधी अडवलं नाही. त्यांचा नियम मात्र एकच होता. व्हिसाचे पेढे आणले की डबा बाईंच्या कपाटात जायचा. जाणारीने आपल्या जागी दुसरी तयार करायची, तिने एकटीने बाळंतपण पार पाडलं की मगच डबा उघडायचा आणि जाणारीने निघायचं. त्यामुळे इतक्या जणी गेल्या तरी आमचं दार एक दिवससुद्धा बंद राहिलं नाही.

मग मलाही मस्कतचा व्हिसा आला. मला जग बघायचं होतं, खोटं कशाला बोलू? माझाही डबा कपाटात गेला. माझ्या हाताखाली होती जवळच्याच गलोंडा गावची सविता. हुशार, पण बाळ दिसायला लागलं की हिचे हात थरथरायचे. विमानाचा दिवस जवळ येत चालला आणि मी तिच्यावर इतकी खेकसायचे की बिचारी मला बघूनच घाबरायची. बाईंनी मला बाजूला घेतलं. "तुला विमान चुकायची भीती वाटते, ती तिच्या हातात उतरते. आधी तू शांत हो."

एका दुपारी मसाटच्या कामगाराची बायको आली. बाईंनी सविताला पुढे केलं आणि मला स्वतःशेजारी उभं केलं. बाळ आलं, पण रडेना. मी झेपावले, तर बाईंनी माझं मनगट घट्ट धरलं. सविताने तोंड साफ केलं, पाठ चोळली, तळव्यांवर टिचक्या मारल्या. आणि बाळाने असा टाहो फोडला की बाहेर त्याचा बाप रडायला लागला. बाईंनी कपाट उघडलं. पेढ्यांना बुरशी आली होती. त्यांनी स्वतः बाजारात जाऊन ताजे आणले आणि पहिला सविताला भरवला.

मी मस्कतला गेले, पुष्कळ शिकले, आणि काही वर्षांनी परत आले. वाटलं होतं, माझ्यावाचून अडलं असेल. कुठलं काय! सविता माझ्याहून चांगलं काम करत होती. मी रुसले. बाई म्हणाल्या, "अगं, तुझी जागा रिकामी नाही हे तुझंच यश. मसाटला बायकांसाठी केंद्र काढू या, ते तू सांभाळ." ते मी आजवर सांभाळते आहे.

बाईंनी नियम एकदाच मोडला. त्यांची लेक डॉक्टर झाली तेव्हा आम्ही सगळ्या खूश, बाईंची जागा घेणारी आली म्हणून. पण ती अमेरिकेला निघाली. त्या दिवशी बाईंनी डबा कपाटात ठेवलाच नाही, सगळ्यांना वाटून टाकला आणि तडक वॉर्डात गेल्या. माझा जीव तुटला.

आता लेक म्हणते, आई, कायमची इकडे ये. बाईंच्या जागी यायला डॉक्टर मिळत नाही. जे इथे येऊन शिकले तेही बाहेरच गेले. गेल्या आठवड्यात बाई व्हिसाच्या पेढ्यांचा डबा घेऊन केंद्रावर आल्या. मी तो हातातून घेतला, माझ्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं.  मी म्हणाले, "नियम तुमचाच आहे, बाई." त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मग आजच्या पेशंट कुठे आहेत?"

बाई, तुमच्या हातांचं बळ आणि तुमचं हसू अखंड राहो, गुडघे कुरकुर न करोत. लेकीकडे जरूर जा, नातवंडांना मनसोक्त खेळवा, पण परत या. तुमच्या जागी उभी राहणारी तुमच्या हाताखाली तयार होत नाही, तोवर किल्ली मी देणार नाही. पेढे खराब झाले तर मी ताजे आणून ठेवीन.