डाळिंबी की पिवळं

मंठाळला माझ्या वडलांची, अप्पांची, लोहाराची भट्टी आहे आणि तिच्या दाराला भर दुपारीही पोत्याचा पडदा असतो. उजेडात तापलेलं लोखंड आहे त्यापेक्षा थंड दिसतं, म्हणून आमच्याकडे रंग अंधारातच बघायचा. आधी करवंदी, मग डाळिंबी, मग केशरी. केशरी झालं की बाहेर काढून ठोकायचं. पिवळ्याच्या पुढं गेलं की लोखंड जळतं, ठिणग्या उडवतं, आणि तसलं पातं कधी तडकेल याचा नेम नाही.

थर्मामीटर म्हणाल तर अप्पांचे डोळे. त्याचा त्यांना भारी तोराही होता. गेल्या हिवाळ्यात त्यांनी घडवलेल्या कुऱ्हाडीचा तुकडा उडाला आणि गिऱ्हाइकाच्या नडगीत घुसला. बीदरच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. जन्मभर जाळाकडं बघितल्याचाही परिणाम असेल, म्हणाले. ऑपरेशनला मात्र अप्पा तयार होईनात.

"नव्या भिंगानं रंग निराळे दिसतेत म्हनं. मग मी काय बघू?"

मला त्यांचा असा राग आला! शेवटी तोडगा आईनं काढला. लग्न होऊन आली तेव्हापासून ती त्याच भट्टीपुढं बसून भाता ओढते. आता रंग ती सांगायला लागली आणि तिच्या शब्दावर अप्पा सांडशी घालायला लागले. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू.

परवा मी बीदरहून घरी गेले, तर भट्टीत कुऱ्हाड होती. तिचा मालक बाहेर लिंबाखाली बिडी ओढत बसला होता.

"रंग?" अप्पांनी विचारलं.

"डाळिंबी हाय. ऱ्हाऊ द्या जरा."

मी वाकून बघितलं. निखाऱ्यांत पातं पिवळं झालं होतं. वाटलं, माझंच चुकतंय. पडदा नीट ओढला, पुन्हा बघितलं. पिवळंच.

"आई, पिवळं झालंय. अप्पा, काढा बाहेर!"

"कामून वरडायलीस?" भाता ओढतच आई म्हणाली. "मला दिसंना व्हय? डाळिंबीच हाय."

अप्पांनी मान डोलावली. सांडशी मांडीवरच राहिली.

तेवढ्यात भट्टीतून तडतड ठिणग्या उडाल्या. आईचा भात्यावरचा हात थांबला.

बाहेरून हाक आली, "अप्पा, झाली का कुऱ्हाड?"