खांदमळणीचा धूर

माझी पोस्टिंग ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होती. युद्धाचं पाचवं वर्ष, पावसाळा. मी सहायक नर्स, वय चोवीस, अकोल्याच्या इस्पितळात शिकून भरती झालेली. बायकांना फार पुढे पाठवत नसत. पण दरड कोसळून रस्ता बंद झाला, जखमी खाली आणता येईनात, म्हणून एक डॉक्टर कॅप्टन आणि मी खेचरांबरोबर, स्ट्रेचर जाणार नाही अशा आडवाटेनं, वर गेलो. वर अकरा दिवस काढले.

नाल्याच्या काठी ताडपत्रीचे दोन तंबू. स्ट्रेचरवर नऊ जखमी. राखणीला जवानांची एक तुकडी. खेचरं सहा. स्वयंपाक पहाटे चार वाजता, झाकलेल्या खड्ड्यात. साडेपाचनंतर विस्तव पूर्ण बंद, कारण समोरच्या कड्यावर जपानी मॉर्टर होतं आणि त्यांचा माणूस दिवसभर दुर्बीण लावून बसलेला असे. हा हुकूम सगळ्यांना वाचून दाखवला होता. मलाही.

खेचरं नाईक किसन यांच्या ताब्यात होती. नांदगाव खंडेश्वरचे शेतकरी. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "बाई, तुमी कुठच्या?"

"बार्शीटाकळीची."

"मंग तं घरच्याच निघाल्या. चहात साखर जास्त टाकत जा आता."

त्यांच्या हाताखाली खेचरं हाकणारा ड्रायव्हर लक्ष्मण, अकोटचा. तो म्हणाला, "साखर खेचरायले चारते हा मानूस. बायकोलेबी इतकं जपत नसंल."

"तुयी बायको लाथ मारत नाई म्हनून तुले जपा नाई लागत," किसनभाऊ म्हणाले.

अकराव्या दिवशी दुपारी दोनला वायरलेसवर निरोप आला. "रस्ता खुला. उद्या सकाळी सहाला निघा. खाली गाड्या थांबतील. ओव्हर." कॅप्टननी उत्तर दिलं, "नऊ स्ट्रेचर. सहाला निघतो. आउट." त्यातल्या चौघांना आणखी दोन दिवस तिथं ठेवलं असतं तर ते जगले नसते. सगळं त्या सहा खेचरांवर होतं.

पावणेचारला किसनभाऊ तंबूच्या तोंडाशी आले. "बाई, उद्या पोळा हाय."

"कशावरून?"

"अवस मोजून राहिलो ना. उद्या जनावराले जोताले लावत नाई. अन् आपन तं त्याईच्यावर मानसं लादनार. आज खांदे तरी मळतो. हळद द्या थोडी. अन् काडेपेटी."

वऱ्हाडात पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे गरम तूप-हळदीनं मळतात. मग बैलाच्या कानाशी जाऊन सांगतात, 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.' खेचरांना खांद्यावर जू नसतं. त्यांच्या पाठी मात्र खोगिरानं सोलल्या होत्या, आणि डब्यातलं तूप गारठ्यानं थिजलं होतं.

"विस्तवाचा हुकूम माहीत आहे ना?" मी विचारलं.

"वाटीभर तूप. सुक्या बांबूच्या चार काड्या. दोन मिनिटं."

मी नाही म्हणायला हवं होतं. जखमींची जबाबदारी माझी होती. पण मलाही घरचा पोळा आठवला. एवढंच कारण. मेणकागदात गुंडाळलेली काडेपेटी मी खिशातून काढून दिली.

बांबू सुका नव्हता. अकरा दिवसांच्या पावसात तिथं काहीच सुकं नव्हतं. चार वाजून दहा मिनिटांनी धुराची पांढरी रेघ झाडांच्या वर गेली. किसनभाऊंनी लगेच माती टाकून विस्तव विझवला, आणि वाटीतलं तूप कोमट होतं तेवढ्यात पाठी मळायला लागले. एकेका खेचराला आवतण दिल्याचं मला ऐकू येत होतं.

चार पंचविसाला पहिला बॉम्ब नाल्यात पडला. दुसरा तंबूंच्या मागं. त्यांनी अंतर दुरुस्त केलं आणि तिसरा खेचरांत टाकला. लक्ष्मणनं दोन खेचरांचे दोर धरले होते, ते सोडले नाहीत. तुकडा त्याच्या गळ्यातून आरपार गेला. मी दोन्ही हातांनी जखम दाबली. रक्त माझ्या बोटांमधून येत राहिलं, मग यायचं थांबलं. चौथ्या बॉम्बनं तंबूची कड उडवली. तिथं नऊ जखमींपैकी सिपाही गुलाबसिंग होता. त्याचा जबडा आधीच फुटलेला, त्यामुळे त्याला ओरडताही आलं नाही. कमरेखाली काही उरलं नव्हतं. कॅप्टन म्हणाले, "इसे छोड़ो, सिस्टर. दूसरा देखो." मी दुसरा पाहिला.

एकूण नऊ बॉम्ब पडले. पाच वाजता शांत झालं.

तीन खेचरं फाटली होती, पण मेली नव्हती. एक आपल्याच आतड्यांवर पाय देत उठायला बघत होतं. किसनभाऊंनी रायफल मागून घेतली. तीन गोळ्या घातल्या. तिन्हींच्या पाठीवर हळद होती.

सहा वाजता कॅप्टननी सगळ्यांना उभं केलं. "आग किसने जलाई?"

"मैंने, साब," किसनभाऊ म्हणाले.

"माचिस कहाँ से आई?"

"मेरी थी, साब."

कॅप्टन माझ्याकडे वळले. "सिस्टर, आपको कुछ मालूम?"

"नो, सर," मी म्हणाले.

सकाळी सहाला आम्ही निघालो. तीन खेचरांवर तीन जखमी. उरलेले पाच जखमी जवानांच्या खांद्यावर. किसनभाऊंनी आठ तास आपली जागा दुसऱ्या कुणाला दिली नाही, फक्त या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं. खाली पोचल्यावर त्यांचे खांदे मीच धुतले. दोन्ही सोलले होते. आठही जखमी जगले.

किसनभाऊंच्या नाईकपदाच्या पट्ट्या कापल्या गेल्या. शिपाई म्हणून घरी आले. गावात कुणीतरी बातमी आणली. मग पारावर कुणीही विचारावं, "किसनभाऊ, बिडी पेटवाले काडी हाय का?" ते म्हणत, "नाई बा. मी सोडली."

लढाईनंतर मी अमरावतीच्या इस्पितळात लागले. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. पावसाळ्यात काळ्या मातीत बैलगाडी आसापर्यंत रुतते. अडलेली बाळंतीण, साप चावलेला माणूस, सगळे गावातच मरत. किसनभाऊंनी आठ माणसं तयार केली, बांबूचं स्ट्रेचर बांधलं, आणि चिखलातून आजारी माणसं पक्क्या सडकेपर्यंत खांद्यावर आणू लागले. शेती बघून, तीन मुली वाढवून, वीस पावसाळे त्यांनी हे केलं. माझ्या वॉर्डात त्यांनी आणलेली कित्येक माणसं दाखल झाली. दाराशी ते विचारत, "बरं हाय ना, बाई?" काडेपेटीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मीही नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. तेराव्याला मी नांदगावला गेले. भाषणं झाली. एक पुढारी म्हणाले, "फौजेत एक चूक झाली, पण पुढं मानूस सोन्यासारखा वागला." मी उठले आणि काडेपेटी माझी होती हे सांगितलं. विचारल्यावर मी खोटं बोलले, हेही सांगितलं.

निघताना त्यांच्या पत्नी म्हणाल्या, "मले माईत होतं, बाई. आल्याबरोबरच्या पोळ्यालेच सांगतलं होतं त्याईनं."

"मग तुम्ही का बोलला नाहीत?"

"मी काहून बोलू? तुमची वाट पाहून राहिली होती."

त्यांनीच मला सांगितलं की दरवर्षी खांदमळणीला किसनभाऊ तूप तापवत नसत. थंड तूप तळहातावर घासून मऊ करत. आणि स्वतःच्या बैलांना आवतण दिल्यावर आणखी पाच जणांना देत.

आता मी बार्शीटाकळीला शेती पाहते. एक जोडी आहे. यंदा खांदमळणीला गडी विस्तव पेटवायला लागला, त्याला थांबवलं. थंड तुपानं हळद कालवली. बैलांचं झाल्यावर नावं घेतली. ड्रायव्हर लक्ष्मण, अकोट. सिपाही गुलाबसिंग, गाव ठाऊक नाही. खेचर नंबर दोन, चार आणि पाच. सहावं नाव किसनभाऊंचं.

आज आवतन घ्या. उद्या जेवाले या.