माझ्या फोनला दुसऱ्याचं बोट नाही

आमच्या घरात नवा फोन आला की तो नवऱ्याचा. त्यांचा जुना माझ्याकडे येतो आणि माझा त्याहून जुना कपाटात जातो. कुलूप मात्र सगळ्या फोनांना एकच, ठिपक्यांवरून ओढायचं एकच पॅटर्न. मुलगी शाळेत असताना तिनं ते घातलं आणि ती पुण्याला नोकरीला गेली तरी तेच राहिलं. कुणाचाही फोन कुणीही उचलायचा, उघडायचा, बघायचा. याला आम्ही मोकळेपणा म्हणायचो.

मी जुन्या जालन्यात ब्लाऊज शिवते. घराची पुढची खोली हेच दुकान, पाटी नाही. गिऱ्हाईक एकमेकींना सांगून येतं, बरंचसं खेड्यांतून. फोनमध्ये मी त्यांना नावानं ठेवत नाही. एकाच नावाच्या इतक्या बायका असतात की उपयोग नसतो. मी ठेवते ते असं: ‘आष्टी, बाही कोपरापर्यंत’, ‘राजूर, मटका गळा’, ‘डावा खांदा उतरता’, ‘मागून खोल, गाठ आवडते’. फोन वाजला की बाईच्या आधी ब्लाऊज डोळ्यांपुढे येतो आणि मला तेच हवं असतं.

माहीत नव्हतं ते इतकंच, की नवऱ्यानं दिलेल्या जुन्या फोनमध्ये त्यांचं अकाऊंट तसंच राहिलं होतं. मी साठवलेलं प्रत्येक नाव त्यांच्या नव्या फोनमध्येही जाऊन बसत होतं. त्यांनी कधी यादी खालपर्यंत बघितली नव्हती. लग्नसराई तोंडावर असताना एके दिवशी ते कचेरीत कुणाचा तरी नंबर शोधत होते आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसानं मान वाकडी करून मोठ्यांदा वाचलं, ‘मागून खोल, गाठ आवडते’.

त्या दुपारी माझ्या फोनमधली सगळी नावं गेली. मेसेज होते, साड्यांचे फोटो होते, पण वर नुसते आकडे. टेबलाखाली कापडांचे गठ्ठे पडलेले आणि कुणी काय सांगितलं होतं ते कळायला मार्ग नाही. मुलीला फोन लावला. ती म्हणाली, “आई, पुसलेली नावं कचऱ्यात असतात, परत आणता येतात.” मी शोधलं. तिथंही काही नव्हतं.

संध्याकाळी नवरा दारात बूट काढत होता.

“अहो, माझी नावं कुठं गेली?”

“कोणती?”

“गिऱ्हाइकांची.”

त्यांचा हात बुटातच राहिला. “त्या तुझ्या होत्या व्हय? मला वाटलं व्हायरस आल्ता.”

“व्हायरस गळ्याचा आकार सांगून येतो का?”

“मंग काय समजायचं माणसानं? अख्खं ऑफिस हसून राह्यलं. ‘डावा खांदा उतरता’ म्हणे. सगळं पुसून टाकलं.”

“कचऱ्यातलं?”

“ते बी साफ केलं. काम अर्धं सोडायची सवय न्हाई मला.”

मी भांडले नाही. भांडायला वेळ नव्हता. ते जेवताना म्हणाले, “परत टाक ना. फक्त या वेळी माणसांसारखी नावं टाक, म्हणजे मला त्रास न्हाई.”

“नावं मी ठेवते तशीच ठेवणार. फोन बदलणार.”

“बरं, बघून देतो एखादा.”

“मीच बघणार.”

“तुला त्यातलं काय कळतं?”

“रंग कळतात,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पर्समध्ये कापडाचे तुकडे घातले: राणी, मोरपंखी, डाळिंबी, वांगी आणि मोतिया. माझं निम्मं काम फोटोवर चालतं. बाई आष्टीहून साडीचा फोटो पाठवते, मी इथं अस्तर आणि लेस बघते, लेसचा फोटो तिला पाठवते. जुन्या फोनमधून राणी रंग लाल होऊन जायचा. मग बाई येऊन माझ्यासमोर साडी पसरायची आणि म्हणायची, हे काय दिलं.

मोबाइलच्या दुकानदारानं आधी माझ्या मागं बघितलं. “काकू, सर न्हाई आले?”

“सरांकडे फोन आहे. मला हवाय.”

त्यानं एक गुलाबी पाठीचा काढला. “लेडीज लोकांत हा जास्त चालून राह्यला. फोटो एकदम गोरा येतो.”

“मला गोरं व्हायचं नाही. ही राणी राणीच दिसली पाहिजे.” मी तुकडे काचेवर मांडले. त्यानं ते सरकवून ठेवायला हात पुढं केला, तसे मी परत ओढले. “ट्यूबलाइटखाली नको. बाहेर उन्हात बघू.”

त्यानं चार फोन काढले. ते घेऊन मी पायऱ्यांवर गेले आणि फोनांच्या काळजीनं तोही मागोमाग आला. पायरीवर तुकडे ठेवून मी प्रत्येक फोननं फोटो काढला आणि फोटो कापडाशेजारी धरून बघितला. रस्त्यावरचे दोघंतिघं थांबून बघत राहिले, त्यांना बघू दिलं. सगळ्यांत भारी फोनमध्ये डाळिंबी नारिंगी झाली होती.

“त्यात रंग उठून दिसतात, काकू. पब्लिकला तेच आवडतं.”

“पब्लिकचं मॅचिंग तुम्ही करून देता का?”

“बराबर आहे,” तो म्हणाला.

तिसरा फोन जाड होता, पाठ राखाडी, दिसायला काही नाही. त्यात मोतिया मोतिया आला, पांढरा नाही. तोच घेतला. दुकानदार म्हणाला, “सेट करून देऊ का? पाच मिनिटांत जुना सगळा डेटा टाकून देतो.” जुना सगळा डेटा म्हणजे जुनं अकाऊंट. मी नको म्हणाले आणि डबा बंदच घरी आणला.

घरी नवरा शेजारी खुर्ची ओढून बसला. “आण इकडं. अकाऊंट टाकून देतो. आपलं आहेच की एक.”

“ते तुमचं आहे.”

“तुझं माझं कधीपासून करून राह्यली तू?”

“कालपासून.”

मुलगी फोनवर सांगत होती, मी दाबत होते. मध्येच तिला घाई झाली, “आई, स्क्रीन मला जोडून दे, मीच इथून करते जल्दी.” तिला म्हटलं, तू सांग, हात मी लावते. तिनं दोनदा उसासा टाकला, पण सांगितलं. अकाऊंटला नाव माझं, पासवर्ड माझा. मग साफसफाई. गेम, बातम्या, खरेदी, भविष्य, सगळं काढलं. जे निघत नव्हतं ते बंद करून टाकलं. समोर फक्त फोन, मेसेज, कॅमेरा, फोटो आणि गजर. अक्षरं इतकी मोठी केली की मशीनवर बसून चष्म्याशिवाय वाचता येतात. रिंगटोनमधल्या सगळ्या बासऱ्या आणि पाखरं नाकारली. मशीन चालू असताना ती ऐकूच येत नाहीत. जुन्या काळ्या फोनसारखी एक कर्कश घंटी सापडली, ती ठेवली.

मागं चित्र काय लावायचं यावर नवऱ्याचं म्हणणं होतं. मी साधा करडा रंग लावला.

“देवाचा न्हाई, आमचा बी न्हाई. हे काय, सिमेंटची भिंत?”

“यावर अक्षरं दिसतात.”

शेवटी कुलूप. जुनं पॅटर्न घालायचं नव्हतं, म्हणून नवीन घातलं, आणि वर बोटाचा ठसा. अंगठा घेईना, कात्रीनं घासून गुळगुळीत झालाय. पहिलं बोट सुईनं टोचलेलं, तेही घेईना. एकेक करत करंगळीनं उघडला. नवऱ्यानं स्वतःचा अंगठा पुढं केला, जसा ते दर नव्या फोनवर करतात. मी फोन उचलून मशीनवर नेऊन ठेवला.

मग नावं जमवायला लागले. फोन यायचे, नुसत्या आकड्यांचे.

“ब्लाऊज झाला का?”

“कोण बोलतंय?”

“आता आवाज बी ओळखू येईना का बाई तुम्हाला? मोठ्या झाल्या.”

“मापाचा ब्लाऊज कोणता दिलाय?”

“पोपटी. बगलेत ठिगळ असलेला.”

“हां, राजूर. मटका गळा.”

“मंग आधी सांगायचं ना तसं.”

अशी एकेक बाई परत यादीत आली. नावापुढे चेहऱ्याऐवजी तिच्या कापडाचा फोटो लावला. काहींनी मात्र फोनच केला नाही, दुसरीकडे शिवून घेतलं. मी न ओळखल्याचा एकीला राग आला, ती कापड परत घेऊन गेली. ते नुकसान झालं ते झालं.

लग्नसराई ऐन भरात असताना नणंद आष्टीहून आली. तिच्या मुलीच्या साखरपुड्याचे ब्लाऊज शिवायचे होते. मी चहा टाकायला आत गेले तेव्हा नवऱ्यानं तिला डिझाइन दाखवायला माझा फोन उचलला आणि जुनं पॅटर्न ओढलं. पुन्हा ओढलं. बाहेर आले तेव्हा ते फोन हातात धरून बसले होते आणि नणंद त्यांच्याकडे बघत होती.

“उघडत न्हाई हा.”

“नाही उघडणार. बदललंय.”

“मंग सांग की.”

“नाही.”

नणंदेनं कप हातात घेतला. “वहिनी, नवऱ्यापासून काय लपवायचं असतं फोनमध्ये?”

“लपवायचं काही नाही, वन्सं. पुसू द्यायचं नाही.”

तिला काय घडलं होतं ते माहीत नव्हतं. मी सांगितलं, ऑफिसातल्या वाचनासकट. ती इतकी हसली की चहा बशीत सांडला. “दादा, तुझ्या फोनात गाठ आवडते?”

“हस, हस,” नवरा म्हणाला. मग माझ्याकडे वळून, बहिणीसमोरच, “उद्या तुला काही झालं तर? कोण उघडणार हा?”

हा प्रश्न ते बरेच दिवस राखून होते, हे आवाजावरून कळलं.

“मला काही झालं तर ब्लाऊज अर्धे राहतील,” मी म्हणाले. “फोन उघडून ते शिवून होणार आहेत का?”

मी फोन त्यांच्या हातातून घेतला, करंगळी लावली आणि नणंदेशेजारी बसून तिला पाठीचे गळे दाखवले. तिनं दोन निवडले. बघून झाल्यावर नवऱ्यानं हात पुढं केला, सवयीनं. मी फोन मशीनच्या माझ्या बाजूला ठेवला आणि टेप काढून नणंदेला उभं राहायला सांगितलं.

हल्ली त्यांना माझ्या फोनमधलं काही हवं असलं की ते मागतात. हातातली शिवण संपली की मी देते.